पाण्यातील म्हैस आणि काठावरचे मोल

मध्यम स्थितीतील कुटुंबात मोठी रक्कम एकदम खर्ची पडण्याचे प्रसंग फारसे येत नाहीत. मुलांचे शिक्षण, लग्नकार्य, एखादे दीर्घ आजारपण आणि घर, एवढेच ते. यांपैकी पहिल्या तिहींची वेळ बहुधा आपल्या हाती नसते. घर मात्र केव्हा घ्यावे, कोठे घ्यावे आणि किती किमतीस घ्यावे हे ठरविण्याचा अधिकार आपला असतो, आणि म्हणूनच त्यातील लाभहानीचा धनीही आपणच. वीस-पंचवीस वर्षांच्या मिळकतीतून राहिलेली शिल्लक व पुढील तितक्याच वर्षांच्या मिळकतीवर काढलेले कर्ज ज्या एका सहीने गुंतून पडते, ती सही करण्यापूर्वी आपणांस सल्ला मिळतो तो दलालाचा, बांधकाम करणाराचा किंवा नुकतेच घर घेतलेल्या शेजाऱ्याचा. या तिघांपैकी तटस्थ असा कोणीच नाही. अशा वेळी इतिहासास प्रश्न विचारून पाहावा असे आम्हांस वाटते. कारण ज्याला काही विकावयाचे नाही असा सल्लागार तोच एक उरतो.

जागेचे मोल कशाने वाढते हे पाहावयाचे तर मुंबईइतके सोयीचे दुसरे शहर नाही. इतर गावी जमीन आधीची असते व गाव मागाहून वसते. मुंबईत जमीन देखील पुष्कळशी माणसाने केलेली आहे. पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नाच्या तहाने १६६१ साली ही बेटे इंग्लंडच्या राजाकडे गेली, आणि १६६८ साली त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीस सालीना दहा पौंड भाड्याने देऊन टाकली. भाडे नाममात्र होते हे उघड आहे; तथापि मिळविलेली वस्तू ठेवण्याजोगी आहे असे त्या राजास वाटले नाही, एवढे त्यावरून दिसते. भरतीच्या वेळी समुद्र बेटांच्या मधोमध शिरत असे, आणि ओहोटीनंतर उरे ते खाजण. हॉर्नबी वेलार्ड या नावाने ओळखला जाणारा बांध १७८४ च्या सुमारास पुरा झाला तेव्हा मधली सखल जमीन हळूहळू कोरडी होऊ लागली. पुढे १८३८ साली कुलाब्याचा व १८४५ साली माहीमचा रस्ता समुद्रावरून गेला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी निघाली. १८६० च्या सुमारास विहार तलावाचे पाणी शहरात आले. या प्रत्येक कामासरशी कोठल्या ना कोठल्या जमिनीची किंमत चढली, आणि ती चढावी म्हणून त्या जमिनीच्या मालकाने स्वतः काडीही हलविली नव्हती. जमीन होती तेथेच राहिली. पाणी, रस्ता, गाडी आणि माणसे तिच्यापर्यंत आली. मोल वाढते ते असे. तेव्हा जागा घेणारा मनुष्य खरोखर जमीन विकत घेत नसून तिच्यापर्यंत आलेल्या, किंवा येतील असे सांगितल्या गेलेल्या, सार्वजनिक कामांची किंमत देत असतो. ‘आलेल्या’ आणि ‘येतील असे सांगितलेल्या’ या दोहोंतील अंतर किती महाग पडते, हेच या लेखात दाखवावयाचे आहे.

गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास हे शहर अशा एका भरात सापडले होते की, तसा भर त्याने पूर्वी कधी पाहिला नव्हता. लँकेशायरच्या गिरण्यांस लागणारा कापूस बहुतांशी अमेरिकेच्या दक्षिण भागातून येत असे. १८६१ साली तेथे यादवी युद्ध पेटले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडविली आणि गिरण्या उपाशी राहू लागल्या. मग हिंदुस्थानच्या कापसास जो भाव आला त्याच्या योगाने चार-पाच वर्षांत मुंबईच्या पदरी सुमारे आठ कोटी पौंड अधिक पडले, असा जुन्या लेखकांचा अंदाज आहे. पैसा आला, पण त्यास राहावयास घर नव्हते. धंदे थोडे होते, गिरण्या नुकत्याच निघू लागल्या होत्या; तेव्हा हा पैसा कंपन्यांच्या भागांत शिरला. १८६५ च्या जानेवारीत मुंबईत ३१ बँका होत्या, आणि समुद्र हटवून किंवा अन्य मार्गाने जमिनीचा व्यवहार करणाऱ्या कंपन्या ८ होत्या.

या जमीन कंपन्यांत सर्वांत गाजली ती बॅकबे रिक्लमेशन कंपनी. पश्चिमेकडून येणाऱ्या रेल्वेस कुलाब्यापर्यंत जाण्यासाठी किनाऱ्याची पट्टी पाहिजे होती. ती पट्टी भराव घालून तयार करून द्यावी आणि त्याच्या मोबदल्यात त्या खाडीतील विस्तीर्ण उथळ समुद्र हटवून मिळणारी जमीन कंपनीने विकावी, अशी मूळ कल्पना होती. कल्पनेत वेडगळपणा काही नव्हता. कोटाच्या आत दाटी फार झाली होती, शहर वाढणार हे दिसत होते, आणि त्या काळचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर कोटाच्या भिंती पाडून गावास मोकळे करीत होते. परंतु जमीन निघण्यापूर्वीच तिचा बाजार भरला. ज्या भागापोटी पाच हजार रुपये भरले होते त्यास पन्नास हजारांवर किंमत येऊ लागली. प्रेमचंद रायचंद या विलक्षण बुद्धीच्या दलालाचा शब्द सर्वत्र चाले. त्याने एखाद्या मनुष्यास काही भाग मिळवून दिले म्हणजे त्याचे भाग्य उघडले असे लोक मानीत. भाग गहाण ठेवून बँका कर्ज देत, आणि त्या कर्जाने लोक पुनः भागच घेत. आपल्याकडे म्हण आहे, पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल. म्हैस निदान डुंबून झाल्यावर आपल्या पायांनी काठावर येते. येथे जिचे मोल ठरत होते ती जमीन समुद्राच्या तळाशी होती, आणि ती वर काढण्याचा खर्च किती हे कोणीच नीट मोजले नव्हते.

१८६५ च्या एप्रिलात दक्षिणेच्या सेनापतीने शस्त्र खाली ठेवले. ती वार्ता मुंबईस पोहोचताच कापूस कोसळला, आणि त्याच्या मागोमाग सर्व कागद कोसळले. मुदतीचे सौदे पुरे करण्याचा दिवस जुलैच्या आरंभी होता. तो आला तेव्हा देणारा आणि घेणारा दोघेही बुडालेले आढळले. बँक ऑफ बॉम्बेच्या ज्या भागास २,८५० रुपये येत असत तो ८७ रुपयांस विकेना. दिवाळखोरांची संख्या इतकी झाली की, त्यांच्या व्यवस्थेकरिता सरकारास १८६५ चा २८ वा कायदा करावा लागला. खुद्द बँक ऑफ बॉम्बे १८६८ साली मोडीत निघाली. त्या तेजीतील संपत्तीचा जो अंश प्रेमचंदांनी विद्यापीठास ग्रंथालय व मनोरा यांसाठी दिला होता, तो १८७८ साली पुऱ्या झालेल्या राजाबाई टॉवरच्या रूपाने आजही उभा आहे.

या प्रलयाचा जो आकडा आम्हांस सर्वांत बोलका वाटतो, तो भागांच्या किमतीचा नाही. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ भरली होती. १८७२ च्या शिरगणतीत ती ६,४४,४०५ झाली. तेजीमुळे आलेली माणसे तेजीबरोबर गेली. ज्यांनी १८६४ च्या गर्दीकडे पाहून ‘या शहरात बिऱ्हाडकरूंस तोटा नाही’ असा हिशेब केला असेल, त्यांच्या हिशेबातून आठ वर्षांत पाऊण-दोन लक्ष माणसे वजा झाली. वस्ती वाढते आहे एवढे पाहणे पुरेसे नसते. ती कशासाठी आली आहे, आणि ते कारण गेले तर ती राहील काय, हेही पाहावे लागते.

त्याच काळी शहराच्या पूर्व किनाऱ्यावरही समुद्र हटविण्याचे काम चालू होते. एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी १८५८ साली निघाली होती. तिच्या भागांचीही चढउतार झाली. परंतु तिची जमीन गोदीस व रेल्वेच्या मालधक्क्यास लागून होती. कापसाचे भाव पडले तरी गठ्ठे उतरावयाचे, दाबावयाचे आणि जहाजांवर चढवावयाचे थांबत नाही. म्हणून सरकारने १८७० च्या सुमारास ती मालमत्ता विकत घेतली, १८७३ साली पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला आणि १८८० साली प्रिन्सेस डॉक उघडला. भराव दोन्ही किनाऱ्यांवर सारखाच, आणि समुद्रही एकच. एका बाजूस जमीन निघताच तीवर काम करणारे उभे होते. दुसऱ्या बाजूस उभे होते ते केवळ तिच्या भागांचे गिऱ्हाईक.

येथे कोणी म्हणेल की, बॅकबेची कल्पना शेवटी खरी ठरली ना? ती ठरली हे आम्हांस मान्य आहे. पण केव्हा, ते पाहावे. कंपनी बुडाल्यावर जी थोडी पट्टी तयार झाली होती ती सरकारकडे गेली आणि तिच्यावरून रेल्वे धावली. पुढे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत, १९२० च्या सुमारास, ते काम सरकारने स्वतः हाती घेतले. १,१४५ एकर जमीन काढण्याचा बेत होता. गाळ उपसण्याच्या यंत्राने अपेक्षेइतके काम दिले नाही, खर्चाचे अंदाज चढत गेले आणि खुर्शेद नरिमन यांनी या कारभारावर असे कोरडे ओढले की, एका अधिकाऱ्याने त्यांच्यावर बेअब्रूची फिर्याद केली. नरिमन निर्दोष सुटले. शेवटी जमीन निघाली ती ४३९ एकर. मरीन ड्राइव्हच्या ज्या इमारतींस २०१८ साली जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले, त्या या भरावावर १९३० नंतर उभ्या राहिल्या. म्हणजे १८६४ साली भाग घेणाराची दृष्टी खोटी नव्हती. खोटा होता तो काळाचा हिशेब. सत्तर वर्षांनी खरी होणारी गोष्ट कर्ज काढून घेतली असता ती खरी होण्यापूर्वी घेणारा नाहीसा होतो. जी जागा पुढे सोन्याची होते तिच्यापायीच मनुष्य दिवाळखोर झाला, असे घडते ते यामुळे.

आता याच शहराच्या दुसऱ्या टोकाकडे वळू. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात तापाच्या काही विचित्र रोग्यांना पाहून मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो गाठीचा प्लेग असल्याचे ओळखले. लाखो लोक शहर सोडून पळाले. दाटी, अंधार आणि गटारांचा अभाव यांची किंमत तेव्हा प्राणांनी द्यावी लागली, आणि १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. जुन्या वस्तीतून रुंद रस्ते काढणे हे त्याचे एक काम. उत्तरेकडे दादर, माटुंगा, वडाळा, शीव या बाजूची शेते, माडांच्या वाड्या व खाजणे घेऊन तेथे नवी वस्ती आखणे हे दुसरे. दादर-माटुंग्यास ट्रस्टने जो क्रम ठेवला तो बॅकबेच्या बरोबर उलट होता. आधी जमीन ताब्यात घेतली, सपाट केली, रस्ते आखले, गटारे घातली, बागांस जागा सोडल्या, आणि मग तुकडे पाडून ते दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने देऊ केले. इमारत किती उंच व जागेच्या किती भागावर बांधावी याचे नियमही त्याबरोबर आले.

या वस्तीच्या इतिहासातील एक गोष्ट मध्यम स्थितीतील मनुष्याने विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. सर्व तयारी झाली तरी लोक लगेच धावले नाहीत. शहराची नोकरी कोटात, बाजार गिरगावात, नातलग चाळींत. तेव्हा इतक्या लांब रानात कोणी जावे, असा सर्वसाधारण भाव होता. त्यात पहिले महायुद्ध आले व कामे रेंगाळली. भरवस्ती झाली ती बहुतेक १९२० ते १९४० या वीस वर्षांत. १९२५ साली कुर्ल्यापर्यंत आणि १९२८ साली पश्चिमेस बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या धावू लागल्या. माहीमच्या बाजूस नगरपालिकेने मोठे मैदान केले, त्यास १९२७ पासून शिवाजी पार्क म्हणू लागले. काम पुरे झाले आहे पण माणसे पुरती आलेली नाहीत, असा हा मधला काळ कित्येक वर्षे टिकला. त्या काळात तेथे गेलेल्या कारकून-शिक्षकांच्या, वकील-डॉक्टरांच्या कुटुंबांनी भविष्य वर्तविले नव्हते. नळास पाणी आहे, गटार आहे, रस्ता आहे, स्टेशन आहे, आणि जागेचा मालक कोण याबद्दल वाद नाही, एवढेच त्यांनी पाहिले.

ज्यांच्याजवळ एकट्याने जागा घेण्याइतका पैसा नव्हता त्यांनाही एक वाट सापडली. सहकारी पतपेढ्यांचा कायदा १९०४ साली झाला व १९१२ साली तो इतर प्रकारच्या सहकारी संस्थांस लागू झाला. त्याचा आधार घेऊन श्रीपाद सुब्राव तलमकी यांच्या पुढाकाराने १९१५ साली गावदेवीस सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. सभासद तोच मालक आणि तोच भाडेकरू, ही तिची रचना होती. नफा हा तिचा हेतू नसल्यामुळे तेजीत ती फुगली नाही व मंदीत बुडाली नाही. आज शहरोशहरी ज्या सोसायट्या आपण पाहतो त्यांचा कुलवृत्तांत अशा प्रयत्नांपासून सुरू होतो.

सरकारने बांधले म्हणजे वस्ती होतेच, असेही नाही. त्याच लॉइडसाहेबांच्या काळी डेव्हलपमेंट खात्याने गिरणी कामगारांसाठी नायगाव, शिवडी, डिलाईल रोड व वरळी येथे चाळी बांधल्या. एकूण २०७ चाळींत सुमारे सोळा हजार खोल्या झाल्या. त्यांतील वरळीच्या पुष्कळ खोल्या कित्येक वर्षे रिकाम्या पडून होत्या. शहरात खोलीखोलीतून कुटुंबे दाटली असताना या नव्या खोल्यांस भाडेकरू मिळू नये याचे कारण साधे होते. गिरणीचा भोंगा जेथून ऐकू येतो आणि जेथे वाणी उधार देतो, तेथेच कामगारास राहणे परवडते. भिंती आणि छप्पर म्हणजे घर नव्हे, हे ज्यास राहावयाचे असते त्यास कळते. नकाशा काढणाऱ्यास कळतेच असे नाही.

जागा चांगली, वस्ती भरलेली, बांधकाम भक्कम, एवढे सगळे जमले तरी एक गोष्ट राहते, ती कायद्याची. गिरगाव, दादर, परळ येथे भाड्याच्या उत्पन्नासाठी चाळी व माड्या बांधणारे मालक आपल्या हिशेबाने अगदी सुरक्षित होते. भाडे दरमहा येणार आणि मुंबईत भाडेकरू मिळणारच. परंतु महायुद्धांच्या काळात भाडी भडकली, फाळणीनंतर निर्वासितांची भर पडली, आणि १९४७ च्या कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीस बांधून टाकली. हा कायदा लोकांच्या निकडीतून आला होता आणि लक्षावधी कुटुंबांच्या डोक्यावरचे छप्पर त्याने राखले, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण तो दशकानुदशके तसाच राहिल्यामुळे दुरुस्तीचा खर्च भाड्याहून मोठा झाला, पागडीचा व्यवहार रूढ झाला, आणि जुन्या इमारती खचू लागल्या तेव्हा १९६९ साली त्यांच्या दुरुस्तीसाठी स्वतंत्र मंडळ नेमण्याचा कायदा करावा लागला. मालकाच्या नातवास वारशात मिळाली ती इमारत नव्हे, तर तिची चिंता. ज्याने राहण्यासाठी घर घेतले त्याचे मात्र या कायद्याने काही बिघडले नाही. घराचा उपयोग स्वतः घेणारास कायद्याच्या फेऱ्याची झळ कमी लागते, आणि दुसऱ्याने दिलेल्या भाड्यावर किंवा दुसऱ्यास विकून येणाऱ्या किमतीवर भिस्त ठेवणारास ती अधिक लागते, हे तत्त्व येथे स्पष्ट दिसते.

या सर्वांवर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो योग्य आहे. सोयी येईपर्यंत थांबावे तर तोवर किंमत चढलेली असते. मग मध्यम स्थितीतील मनुष्याने घ्यावे तरी केव्हा? आमचे उत्तर दादर-माटुंग्याच्या इतिहासात आहे. घोषणा होते तेव्हा किंमत एकदा चढते. त्या वेळी घेणारा ती घोषणा विकत घेतो. नंतर काम रेंगाळते, उत्साह ओसरतो. पुढे काम खरोखर पुरे होते, पण लोकांच्या सवयी जुन्या जागेस चिकटलेल्या असतात. हा जो तिसरा काळ, तो सामान्य घेणाराचा. त्यात साहस करावे लागते ते थोडे गैरसोय सोसण्याचे. ऋणात उडी घेण्याचे नव्हे. फार लाभाची आशा त्यात नाही हे खरे; परंतु ज्या कुटुंबाजवळ एकच घर घेण्यापुरता पैसा आहे त्याने फार लाभाचा विचार करणे म्हणजे आपली एकुलती एक गाय जुगारावर लावणे होय.

आजचा काळ पुष्कळ बदलला आहे. सदनिकांच्या मालकीसाठी महाराष्ट्रात १९६३ साली कायदा झाला. २०१६ साली स्थावर संपदेचा केंद्रीय कायदा झाला आणि १ मे २०१७ पासून महाराष्ट्राचे नियामक प्राधिकरण काम करू लागले. बांधकामाच्या प्रकल्पाची नोंदणी केल्यावाचून त्यातील घर विकावयास काढता येत नाही, आणि घेणारांकडून आलेल्या पैशांपैकी शेकडा सत्तर वेगळ्या खात्यात ठेवून त्याच जमिनीवर व बांधकामावर खर्चावे लागतात. लहान प्रकल्पांस यातून सूट आहे, हेही ध्यानात ठेवावे. बॅकबेच्या भागधारकांस जे संरक्षण नव्हते ते आज आहे. तथापि कायदा बांधणारावर बंधन घालतो. घर घेणाराच्या उतावळेपणावर घालीत नाही. येऊ घातलेल्या रेल्वेचा, पुलाचा वा विमानतळाचा नकाशा दाखवून सांगितलेली किंमत योग्य आहे की नाही, हे कोणतेही प्राधिकरण ठरवून देत नाही.

तेव्हा जागा पाहावयास जाल तर पावसाळ्यात एकदा व उन्हाळ्यात एकदा जावे, म्हणजे पाणी कोठे साचते आणि नळास किती वेळ येते ते कळेल. कामाच्या दिवशी सकाळी तेथून आपल्या कचेरीपर्यंत जाऊन पाहावे. तेथे आधी राहावयास आलेली कुटुंबे कोणत्या उद्योगावर पोट भरतात ते विचारावे, आणि तो उद्योग गेला तर ती राहतील काय हे मनाशी तोलावे. सातबारा किंवा मिळकत पत्रिका स्वतः काढून घ्यावी, बोजा पाहावा, आणि जाणत्या वकिलाकडून मालकीचा तीस वर्षांचा माग काढवावा. त्याची फी जड वाटली तरी ती संपूर्ण व्यवहारातील सर्वांत स्वस्त बाब असते. कर्ज इतकेच घ्यावे की, ती जागा दहा वर्षे वाढली नाही तरी घरातील मुलांच्या शिक्षणास हात लागू नये. आणि विकणाराने आपणांस जे दाखविले त्यातील किती जमिनीवर आहे व किती अजून पाण्यात आहे, याची वेगळी यादी करून किंमत द्यावी ती पहिल्या यादीची.